दाखवायची भिंत

बेबीच्या नवऱ्याने धंदा सुरू केला तेव्हाच मनाशी एक गोष्ट ठरवली होती. गिऱ्हाइकाला विचारत बसायचं नाही, दाखवायचं. नव्या वस्तीत जायचं, एखाद्या इमारतीच्या दाराशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडेल अशा जागी, पाण्याच्या मशीनने दाराएवढा चौकोन धुऊन द्यायचा. अगदी फुकट. मग मशीन बंद करायचं, पाइप गुंडाळायचा आणि हसून निघून जायचं. पुढचं काम चौकोन करतो. कालपर्यंत जी नुसती भिंत होती ती आज घाण भिंत होते. सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलं की चौकोन, संध्याकाळी कुलूप उघडताना चौकोन. पाहुणा येतो, बूट काढता काढता विचारतो, "हे एवढंच का पांढरं हो?" आठवडा सरत नाही तोवर फोन येतो.

"लोक घाण सोसतात गं," तो म्हणायचा, "शेजारचं स्वच्छ सोसत नाहीत."

बेबी हसायची. पटायचं म्हणून नाही, नवरा बोलला की हसायची सवय होती म्हणून. भिंत त्याची, काच तिची, अशी कामाची वाटणी होती. चाळिशी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत, पण काचेपुढे उभी राहिली की ती कुणाची बेबी नसायची. साबणाच्या पाण्याने काच भिजवायची, मग रबरी पट्टी वरच्या कोपऱ्यात टेकवायची आणि वळणावळणाने, नागमोडी, खाली आणायची. मध्ये उचलायची नाही. उचलली की रेघ राहते. पट्टी खाली येईल तसतसा पलीकडचा माणूस, पलीकडची खुर्ची, पलीकडचं आभाळ मोकळं होत जायचं, जणू कुणी झोपेतून डोळे उघडतंय. हे तिला आवडायचं. भिंतीचं काम आवडायचं नाही. भिंत धुताना बोललेलं ऐकू येत नाही.

तिची आई गावाच्या जुन्या भागात राहायची. बैठ्या घरांची लांबच लांब रांग, एकाला एक खेटलेली, एका छपराखाली, दोन घरांत मिळून एक भिंत. धुराने, ओलीने, शेवाळाने साऱ्या विटा एकाच रंगाच्या झालेल्या, ना काळ्या ना हिरव्या, जुन्या तव्याच्या पाठीसारख्या. कुणाचं घर कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं हे दारं मोजूनच कळायचं.

आईला सगळी रांग मावशी म्हणायची. डावीकडे नर्सबाई, निवृत्त झालेली, एकटी, तोंडाने फटकळ. रोज सकाळी आई उठली की मधल्या भिंतीवर उलथन्याने ठोकायची. पलीकडून नर्सबाई ठोकून उत्तर द्यायची. म्हणजे दोघी जिवंत. आई मोरीत पडली होती तेव्हा ठोकणं आलं नाही म्हणूनच नर्सबाई धावत आली होती. उजवीकडे शिंपीकाका. संध्याकाळी ते उसवलेलं काहीबाही घेऊन आईच्या पायरीवर येऊन बसायचे. त्यांना सुईचं भोक दिसायचं नाही. आईला दिसायचं, पण तिचा हात कापायचा. मग काका दोरा धरायचे आणि आई सांगायची, "वर. आणखी वर. अहो, वर म्हणते तर छपरावर काय निघालात? हं, आता घुसवा." दोरा ओवला गेला की सगळी पायरी हसायची, कारण एव्हाना तिथे निम्मी रांग जमलेली असायची.

बेबीने तिला कितीदा म्हटलं होतं, "आमच्याकडे ये."

"चौथ्या मजल्यावर मी कुणाशी बोलू? लिफ्टशी?" आई म्हणायची. "मी इथेच बरी. इथे मी पडले तर आवाज होतो."

बेबीही मनातून निर्धास्त होती. आईला ती नव्हे, रांग सांभाळत होती.

त्या वर्षी धंद्याला उतरती कळा लागली. हाताखालची दोन माणसं दुसऱ्याकडे गेली, गरम पाण्याचं नवं मशीन ताडपत्रीखाली बसून राहिलं. एकदा नवरा बेबीला आईकडे सोडायला आला आणि गाडीतून उतरून गल्लीत तसाच उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्याने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"केवढी भिंत! आणि सगळी सारखी काळी."

"तिथे नको," बेबी लगेच म्हणाली.

"का? आईंचं घर फुकट धुऊन देतो. पुण्य लागेल."

"पुण्य कुणाला?"

"दोघांना वाटून घेऊ."

ती रात्रभर नाही म्हणत राहिली, पण सकाळी तिला पायरी आठवली. आईच्या पायरीवर हिरवं बुळबुळीत शेवाळ होतं आणि मागच्या पावसात आईचा पाय तिथे सरकला होता. खरं कारण मिळालं की खोट्याला त्याच्या पाठीमागून आत शिरता येतं. ती आईकडे गेली.

"पायऱ्या धुऊन देतो. घसरशील नाहीतर."

"पायऱ्याच ना?"

"आणि जरा भिंत. एका हाताने होऊन जाईल."

आईने तिच्याकडे पाहिलं. "तुझा नवरा एका हाताने काही करत नाही बाई. त्याला दोन्ही लागतात, आणि तुझेही." पण मग म्हणाली, "कर. जावयाला नको कशाला म्हणू?"

धुवायच्या दिवशी रांगेने खुर्च्या बाहेर काढल्या. बेबीने आईच्या कुंड्या प्लास्टिकने झाकल्या, दाराच्या फटीला जुनी चादर लावली. नवऱ्याने आधी औषधाचं पाणी मारलं, ते भिंतीत मुरू दिलं आणि मग मशीन सुरू केलं. घरघर झाली, पाइप सापासारखा ताठरला, लोखंडी नळीच्या तोंडून पाण्याचा पंखा फुटला. जिथे पंखा फिरला तिथून काळं पाणी ओघळलं आणि त्याखालून तांबूस वीट वर आली, उन्हात तापलेल्या गालासारखी. ती वीट रांगेत कुणी कधी पाहिली नव्हती.

"अगं बाई, मावशी, तुझं घर गोरं होतं की!" नर्सबाई ओरडली.

"माहेरच्या वळणावर गेलंय," आई म्हणाली, आणि सगळे हसले.

कोपऱ्यावरच्या घरातले मास्तर म्हणाले, "जावईबापू, जपून. जोरात माराल तर मावशी पलीकडून बाहेर येतील."

बेबीने खिडक्या केल्या. कित्येक वर्षांची धूळ पट्टीखाली सरकली आणि आईची खोली गल्लीला दिसू लागली. पलंग, औषधांचा डबा, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली छत्री. आई आतून बाहेर बघत होती, जणू तिलाच कुणी काचेत ठेवलंय.

शेवटी नवऱ्याने दाराशेजारी धंद्याची पाटी ठोकली. फोन नंबर ठळक. आईला दोन ओळी जुळवायची खोड होती, रांगेतल्या प्रत्येकावर तिने कधी ना कधी जुळवल्या होत्या. त्या संध्याकाळी पायरीवर बसून तिने गुणगुणल्या:

*जावई गं माझा गुणी, पाणी मारी भिंतीवरी,*
*माझं दार उजळलं, काळं पडलं शेजारी.*

त्या दिवशी पायरीवर नेहमीसारखं कुणी हसलं नाही. आईला वाटलं, ओळ नीट बसली नसेल.

दुसऱ्या दिवसापासून गोष्टी बारीक बारीक बदलल्या. नर्सबाई पायरीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बसू का, की चपला काढून बसायचं आता?" थट्टाच होती ती. पण थट्टा करून ती बसली नाही. मास्तरांच्या सुनेला भेटायला बहीण आली, तिने आल्याआल्या विचारलं, "एवढं एकच घर कसं गं छान?" सून घरात गेली आणि संध्याकाळी बेबीच्या नवऱ्याचा फोन वाजला. मग त्याच्या पुढच्या घराने फोन केला. मग एकदम तीन घरांनी. जो तो आपली भिंत धुऊन झाली की पायरीवर येण्याऐवजी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचा आणि आपलं घर बघायचा, मग शेजारचं. पूर्वी रांग म्हणजे एक होती. आता ती दारं होती.

"बघ," नवरा म्हणाला, "एका चौकोनावर अख्खी गल्ली."

"तो चौकोन माझी आई आहे," बेबी म्हणाली.

"मग चांगलंच झालं की. आईचा आशीर्वाद." त्याला खरंच तसं वाटत होतं. वाईट माणूस नव्हता तो. एवढंच, की त्याला भिंतीच दिसायच्या.

शिंपीकाका मात्र नाही म्हणाले. त्यांचं घर रांगेत सगळ्यांत जुनं, विटा मऊ, सांधे चुन्याचे, कित्येक ठिकाणी त्यांनी स्वतःच्या हाताने लिंपलेले. "माझ्या घराला असलं औषध सोसायचं नाही," ते म्हणाले. "मळ आहे म्हणून उभं आहे ते."

पण धुतलेल्या घरांच्या मध्ये त्यांचं घर आता काळ्या दातासारखं दिसायचं. मास्तर एकदा म्हणाले, "काका, तुमच्यामुळे सगळ्या रांगेला लोक हसतात हो." दुसरं कुणी म्हणालं, "मावशींनी बाईमाणूस असून करून घेतलं." शेवटी काकांनी मान हलवली.

बेबीने भिंतीला नखाने टोकरून पाहिलं. नखाखाली चुन्याचं पीठ आलं. ती नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "यांचं नको करू. किंवा बादलीने, ब्रशने कर. मशीन नको."

"कमी दाबावर करतो. मला शिकवू नकोस, तू काच बघ."

त्याने कमी दाबावरच केलं. भिंत सुंदर निघाली, सगळ्या रांगेत सुंदर. बेबीने काकांची खिडकी पुसली आणि पाहिलं तर सांध्यांतला चुना ओघळून पायरीवर दुधासारखा साचला होता. नवऱ्याने तो पाण्यानेच लोटून दिला.

पुढच्या पावसात भिंतीने पाणी आत घेतलं. काकांचं शिलाई मशीन गंजलं, कापडाच्या घड्यांना बुरशी आली, काकांच्या छातीत घरघर सुरू झाली. त्यांचा मुलगा त्यांना आपल्याकडे न्यायला गाडी घेऊन आला. निघताना काका आईच्या दारी आले. दोघं उभेच होते.

"सुया घेतल्यात?" आईने विचारलं.

"घेतल्यात. ओवणार कोण?"

गाडी गेली.

त्याच आठवड्यात बेबी डबा घेऊन आली तेव्हा नर्सबाईने तिला दारातच अडवलं. "तुझ्या आईला मी काही बोलणार नाही, ती माझ्या वयाची. तुला बोलते. तो माणूस इथे चाळीस वर्षं राहिला. त्याला कुणी काढलं? मळाने? तुम्ही लोक मळ काढत नाही, माणसं काढता."

"नर्सबाई, मी यांना सांगितलं होतं…"

"सांगितलं होतंस. आणि मग काच पुसलीस." नर्सबाईने दार लावून घेतलं.

आई आत सकाळचं उलथनं हातात घेऊन बसलेली. "ठोकते मी," ती म्हणाली. "ती उत्तर देत नाही. पण ऐकते. तिच्या भांड्यांचा आवाज थांबतो तेवढ्यापुरता."

"आई, चल आमच्याकडे."

"आता तर अजिबात नाही. आता गेले तर सगळे म्हणतील, घर धुतलं, लोकांना धुतलं आणि निघून गेली." तिने उलथनं ठेवलं. "पायरी तेवढी चांगली झाली हो. घसरत नाही. पण यायलाच कुणी नाही तर घसरणार कोण?"

बेबीने जेवण वाढलं, भांडी घासली, गेली. घरी नवरा जेवता जेवता सांगत होता, नदीपलीकडच्या मोठ्या वसाहतीची समिती रांग बघायला येणार आहे. एवढी मोठी वसाहत, वर्षभराचं काम. दोन्ही माणसं परत आणता येतील. बेबीने ऐकलं. तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला शिसारी आली, आणि शिसारी आली तरी आनंद गेला नाही.

समिती यायची त्या सकाळी ती लवकर आईकडे पोचली. गाडी, मशीन, पाइप घेऊन, जरा पायरी आणि काचा चमकवायच्या म्हणून. गल्लीच्या तोंडाशीच तिला आई दिसली. आई रस्त्यावर, भिंतीपुढे, वाकलेली. पायाशी बादली. हातात भिंती रंगवायचा जुना ब्रश. भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत चिखलाचे पट्टे.

"आई! काय चाललंय?"

"शेवाळ लावतेय."

"काय?"

"रोपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, माती कालवा, त्यात आंबट दही घाला, सावलीतल्या भिंतीला फासा, पावसात आपोआप हिरवं धरतं." आईने ब्रश बादलीत बुडवला. तिचा हात इतका कापत होता की निम्मा चिखल साडीवर पडत होता. "पूर्वीइतकं काळं नाही होणार लगेच. पण सुरुवात तर होईल."

"अगं, सगळ्यांची घरं आता धुतलेलीच आहेत. कुणासाठी करतेस?"

"काकांचं घर ओलीने पुन्हा काळवंडलंय, आणि ते माझ्या घराला लागून आहे. ते परत आले, तर त्यांचं एकट्याचं खराब दिसायला नको." ती थांबली, धाप लागली होती. "आणि नर्सबाई खिडकीतून बघतेय कधीची. हसली मघाशी. चोरून. मी पाहिलं. खूप दिवसांनी हसली गं ती."

बेबीने डावीकडे पाहिलं. नर्सबाईच्या खिडकीचा पडदा खरंच बाजूला होता. नर्सबाई तिथे होती. पण बेबीला बघताच पडदा पडला.

फोन वाजला. नवरा. "निघालो. समितीच्या बाईंच्या गाडीतूनच येतोय. पहिल्यांदा आईंचंच दाखवणार, तिथूनच सुरुवात झाली ना! सगळं ठीक?"

आई ब्रश हातात घेऊन तिच्याकडे बघत होती. लेकीने जन्मभर उत्तरासाठी जसं आईकडे बघितलं, तसलं बघणं होतं ते, फक्त उलटं.

"ठीक आहे," बेबी म्हणाली. "या."

फोन ठेवला. "आई, तू आत जा. साडी बदल."

"आजचा दिवस राहू दे," आई हळूच म्हणाली. "आजचाच. उद्या धू. नर्सबाई बाहेर येईल असं वाटतंय मला. ब्रश धरायला येईल ती. ओळखते मी तिला."

"आई, वर्षभराचं काम आहे ते."

"हं," आई म्हणाली.

"दोन माणसांच्या घरात चूल पेटेल."

"हं."

तिने ब्रश बादलीवर आडवा ठेवला. बादली उचलायला गेली, उचलवली नाही, तशीच सोडली. पायरीवर हात टेकून वर चढली, आत गेली. दार लोटलं, लावलं नाही.

बेबीने मशीन सुरू केलं. भिंत नेहमी नवरा धुवायचा, पण नळी तिला धरता येत होती. हात सरळ, अंतर सारखं, वरून खाली. ओला चिखल काय, एका फेऱ्यात निघतो. दही, माती, सगळं पायरीवरून ओघळून गटारात गेलं. घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. एकदा तिला वाटलं, डावीकडचं दार उघडलं. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ते बंद होतं.

मग तिने काच केली. पट्टी कोपऱ्यात टेकवली आणि मध्ये कुठेही न उचलता खाली आणली. काचेच्या पलीकडे आई होती, कोरड्या साडीत, पलंगाच्या कडेला.

गाडी आली. नवरा उतरला, समितीच्या बाई उतरल्या, चष्मा कपाळावर चढवून भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "वा! आत्ताच धुतल्यासारखी."

"काम असंच टिकतं आमचं," नवरा म्हणाला. "आणि हे माझ्या सासूबाईंचं घर. घरच्यांपासून सुरुवात केली."

आई दारात आली. बाईंनी नमस्कार केला. "आजी, तुम्ही समाधानी आहात ना कामावर? मनापासून सांगा हं, जावई म्हणून नको."

"काम चोख आहे," आई म्हणाली. "काही म्हणून ठेवत नाहीत भिंतीवर."

"आणि काचा कोण करतं? किती लख्ख आहेत!"

आईने बेबीकडे पाहिलं. ओले हात, चिखलाचे शिंतोडे उडालेला चेहरा, खांद्यावरचा पाइप. अगदी शांतपणे, जशी ती गल्लीतल्या कुणाही परक्या माणसाशी बोलली असती तशी, ती म्हणाली, "या बाई करतात. बोलावल्या की येतात. हाताने चांगल्या आहेत."

समितीच्या बाई कौतुकाने हसल्या. नवराही हसला, "आमच्या सासूबाई म्हणजे फार विनोदी हो!" आणि त्यांना पुढच्या घराकडे घेऊन गेला.

बेबी पायरीपाशी उभी होती. "आई," ती म्हणाली.

"थांबा हं," आई म्हणाली, "पाणी आणते तुम्हाला प्यायला," आणि ती आत गेली.